जुना तलाव, नवे चित्र

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पोहण्याच्या जुन्या तलावांविषयीची होती. एकमेकांची ओळख नसलेल्या चौघांनी एकाच विषयाच्या चार बाजू विचारल्या आहेत. म्हणून इतर विषयांवरची पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत.

प्रश्न : मी सात वर्षे हौसेने छायाचित्रण करते. माझी मावशी आणि तिच्या चार मैत्रिणी पुण्यातल्या एका जुन्या तलावावर सकाळी महिलांच्या बॅचला तीस वर्षांपासून पोहत आहेत. सगळ्याच जणी साठीच्या पुढच्या आहेत. स्लोव्हाकियाच्या मारिया श्वार्बोव्हा यांची जुन्या तरणतलावांतली छायाचित्रे पाहिल्यापासून या पाच जणींना घेऊन तशी एक चित्रमाला करावी, असे मनात आहे. त्यांची तयारी आहे आणि तलावाच्या व्यवस्थापनानेही तोंडी होकार दिला आहे. सर्वांसाठी लाल टोप्या आणि एकसारखे पोशाख आणावेत का? प्रकाश आणि पाणी यांचे नियोजन कसे करावे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी टोप्यांचे सांगतो. लाल टोप्या आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागचे कारण थोडे सविस्तर मांडायला हवे.

श्वार्बोव्हा यांनी ही चित्रमाला २०१४ मध्ये सुरू केली. समाजवादी राजवटीच्या काळातले तलाव त्यांनी शोधले आणि त्यांच्या पांढऱ्या फरश्या, सरळ रेषा व सूचनांच्या पाट्या जशाच्या तशा ठेवून त्यांत न हसणारी, एकमेकांकडे न पाहणारी, एकसारख्या पोशाखातली माणसे उभी केली. २०१८ मध्ये हॅसलब्लाड या कॅमेरा कंपनीचा ‘हॅसलब्लाड मास्टर’ हा मान त्यांना कला विभागात मिळाला. त्यांचे शिक्षण पुरातत्त्व आणि जतनशास्त्र या विषयांतले आहे. जागा आधी वाचायची आणि मग तिच्यात माणूस ठेवायचा, ही सवय त्यांच्या प्रत्येक चित्रात जाणवते. त्या चित्रांतला एकसारखेपणा त्यांनी बाहेरून आणलेला नाही, असे मला वाटते. स्लोव्हाकिया तेव्हा ज्या देशाचा भाग होता, त्या चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून प्रागच्या स्त्राहोव्ह मैदानावर ‘स्पार्ताकियाड’ नावाचे सामुदायिक कवायतीचे प्रचंड सोहळे होत असत. एकाच वेळी हजारो माणसे, एकच पोशाख आणि एकच हालचाल असे त्यांचे स्वरूप होते. व्यायाम हे नागरिकाचे कर्तव्य मानणाऱ्या त्या काळाची आठवण त्या तलावांच्या भिंतींतच आहे. म्हणून तिथे एका रंगाच्या टोप्या घातलेल्या आणि एका रांगेत उभ्या असलेल्या मुली खऱ्या वाटतात.

आपल्या तलावांनाही शिस्त आहे, पण तिची जात निराळी आहे. पाऊण तासाची बॅच, ती संपल्याची शिट्टी, ‘अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरू नये’ आणि ‘अंगाला तेल लावून येऊ नये’ अशा पाट्या, काठावर रंगवलेले खोलीचे आकडे, उथळ बाजूला दांडी धरून पाय मारणारी नवशिकी मंडळी, पाठीला बांधलेला डबा, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या फळ्या, मुटका मारणाऱ्या मुलांवर ओरडणारे प्रशिक्षक, हे सगळे आपले आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या पत्रातच आली आहे : तीस वर्षे एका वेळी, एका बॅचला, एकमेकींच्या सोबतीने येणाऱ्या पाच बायका. आधी कोण पाण्यात उतरते, पायरीवर बसून कोण पाच मिनिटे नुसते पाय बुडवते, टोपी घालताना कोण कोणाचे केस आत सारते, हा क्रम त्यांनी इतक्या वर्षांत नकळत बसवलेला असणार. तुमच्या चित्रमालेची संहिता तीच आहे. एक आठवडा कॅमेरा न नेता काठावर बसा आणि तो क्रम वहीत उतरवून घ्या. त्यानंतर त्यातली एकेक कृती थांबवा, लांबवा, पाच जणींना एकाच वेळी करायला सांगा. रचना तिथून सुरू होऊ द्या. पोशाख त्यांचे रोजचेच राहू द्या. क्लोरीनने विटलेला रंग तुम्हाला कोणत्याही दुकानात मिळणार नाही. चित्रांना एकत्र बांधणारा एखादा रंग हवाच असेल, तर तो टॉवेलांना द्या.

आता पाण्याकडे वळू. पुण्यातले बहुतेक तलाव उघड्यावर आहेत. त्यामुळे वारा आणि ऊन या दोन्हींशी तुमची गाठ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सूर्योदयाच्या आधीची पंधरा-वीस मिनिटे आकाशाचा मऊ, सावलीविरहित प्रकाश मिळतो आणि वाराही बहुधा पडलेला असतो. श्वार्बोव्हांच्या चित्रांतल्या सपाट प्रकाशाच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची वेळ हीच. तरीही पाणी हलताना दिसले, तर गाळणी यंत्राच्या पंपाकडे पाहा. शुद्ध झालेले पाणी भिंतीतल्या तोंडांतून सतत आत येत असते आणि पोहणारे कोणी नसले तरी पृष्ठभाग थरथरत राहतो. पंप अर्धा तास बंद ठेवण्याची विनंती आधीच करून ठेवा.

प्रतिबिंब हवे की तळ, हे प्रत्येक चित्रासाठी आधी ठरवावे लागते. कॅमेरा पाण्यालगत खाली आणला की पृष्ठभाग आरसा होतो. वर नेत गेलात की तळाच्या फरश्या आणि रेषा दिसू लागतात. मधल्या उंचीवर दोन्ही अर्धवट दिसतात आणि चित्र गढूळ वाटते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी भिंगावरची काच, वापरणार असाल, तर पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिल्यावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो आणि चकाकी जवळजवळ नाहीशी होते. त्यासाठी दीड ते दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे), त्यामुळे ट्रायपॉड अनिवार्य समजा. पांढऱ्या फरश्यांमुळे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चित्र राखाडी येते. एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. रंगसंतुलन स्वयंचलित ठेवू नका. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, म्हणून फरश्या निळसर दिसतात. तो निळेपणा किती ठेवायचा, हे तुम्ही ठरवायला हवे.

वक्रीभवनाकडे, म्हणजे पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो याकडे, नवखे छायाचित्रकार हमखास दुर्लक्ष करतात. वरून पाहताना पाण्याची खोली खरीपेक्षा सुमारे पाऊणपट दिसते. त्यामुळे छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय आखूड आणि धड जड दिसते. वयस्क बायकांच्या बाबतीत हे फारच अन्यायाचे होईल. त्यांना एक तर घोट्याएवढ्या पाण्यात पायरीवर उभे करा किंवा गळ्यापर्यंत पाण्यात घ्या. मधली पातळी टाळा. चौकट सरळ आहे की नाही हे पाहायला वेगळे साधन लागत नाही, कारण पाण्याची रेषा नेहमीच आडवी असते. काठ तिच्याशी जुळवून घ्या.

चित्रांचा क्रम लावताना थंडीचा विचार पहिला असावा. कोरडी चित्रे आधी, मग घोट्याएवढ्या पाण्यातली आणि शेवटी पूर्ण भिजलेली, असा क्रम ठेवा. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. पोहताना ते जाणवत नाही, पण स्थिर उभे राहायला सांगितले की पाच मिनिटांत दात वाजू लागतात. प्रत्येक चित्राची तालीम काठावर, कोरड्या अंगाने करून घ्या आणि पाण्यातला वेळ दहा मिनिटांपुढे जाऊ देऊ नका. चहाचा थर्मास बरोबर असू द्या.

विजेविषयी मी कोणतीही सवलत देणार नाही. भिंतीतल्या प्लगवरून वायर ओढून काठावर दिवा लावू नये. फक्त बॅटरीवर चालणारे दिवे वापरावेत आणि प्रत्येक स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी असावी. काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका तलावावर काम करताना माझा छत्री लावलेला दिवा एका झुळकेने पाण्यात गेला. दिवा बॅटरीवरचा होता आणि त्या क्षणी पाण्यात कोणी नव्हते, म्हणून केवळ दिव्यावर निभावले. तेव्हापासून मी वाळूच्या पिशव्या आधी उतरवतो आणि कॅमेरा नंतर. सगळ्या जणी तीस वर्षे पोहणाऱ्या असल्या तरी जीवरक्षक काठावर हजर हवा, आणि काचेची कोणतीही वस्तू सजावटीसाठी नेऊ नये.

तोंडी होकारावर जाऊ नका. तारीख, वेळ, किती माणसे येणार आणि चित्रांचा उपयोग कुठे होणार, हे सगळे नमूद केलेले लेखी पत्र मालकसंस्थेकडून घ्या. तलाव ठेकेदार चालवत असेल तर त्याच्याकडूनही घ्या. सूचनाफलकावर चार दिवस आधी माहिती लावायला सांगा, म्हणजे त्या सकाळी नेहमीप्रमाणे पोहायला आलेल्या बाईला कॅमेरा पाहून परत फिरावे लागणार नाही. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने कॅमेरा वळता कामा नये. कपडे बदलणे अथवा अंघोळ यांसारख्या खासगी कृतीत असलेल्या स्त्रीचे चित्र तिच्या संमतीवाचून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. चुकून चौकटीत आले, हे स्पष्टीकरण देण्याची वेळच येऊ देऊ नये. पाचही जणींची संमती प्रदर्शन, छपाई आणि इंटरनेट या तिन्हींसाठी वेगवेगळी घ्या. प्रदर्शनात चित्र लावायला आनंदाने तयार असलेली बाई ते प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरावे याला तयार असेलच असे नाही.

प्रश्न : मी पन्नास वर्षे पोहतो आहे. अलीकडे तलावांवर माणसांना पुतळ्यांसारखे उभे करून फोटो काढण्याची पद्धत दिसते. छायाचित्राचे काम घडते ते टिपण्याचे. रचून काढलेले छायाचित्र म्हणजे नाटक झाले, त्याला छायाचित्र का म्हणावे? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : तुमचा आक्षेप मी मनापासून समजू शकतो. सूर मारणाऱ्या मुलाचा हवेतला क्षण अचूक टिपणारे छायाचित्र मलाही अतिशय प्रिय आहे. मात्र रचलेले छायाचित्र ही अलीकडची पद्धत नाही. ते जवळजवळ छायाचित्रणाइतकेच जुने आहे, आणि योगायोग असा की त्याची सुरुवात पाण्याशीच जोडलेली आहे.

इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थाने कागदावर थेट चित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधली होती आणि जून १८३९ मध्ये आपली चित्रे पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडलीही होती. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रेंच सरकारने लुई दागेर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे ठेवली, मान आणि निवृत्तिवेतन दागेरला मिळाले आणि बायार मागे पडला. १८४० मध्ये त्याने उघड्या अंगाने, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसलेल्या स्वतःचे एक छायाचित्र काढले आणि त्याच्या मागे लिहिले की हे प्रेत बायारचे आहे, सरकारने दागेरला भरभरून दिले आणि याला काहीच दिले नाही, म्हणून या दुर्दैवी माणसाने पाण्यात जीव दिला. बायार त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे जगला. चित्रात घडलेली घटना खोटी आहे. तिच्यामागचे दुःख पूर्ण खरे आहे, आणि ते सांगायला त्याच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता.

आपल्या घरांतही असे पुरावे आहेत. आजी-आजोबांचा जो एकुलता एक फोटो भिंतीवर असतो, त्यात मागे रंगवलेला पडदा असतो, बाजूला फुलदाणी असते, खुर्चीवर बसलेले आजोबा आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या आजी असतात. ती खुर्ची स्टुडिओची, फुलदाणी स्टुडिओची आणि उभे राहण्याची ढबही स्टुडिओवाल्यानेच सांगितलेली. तरी तो फोटो खोटा आहे असे आपण म्हणत नाही. कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रतिमांवर जी चित्रमाला केली, तिच्यात त्या स्वतःच वेगवेगळ्या जुन्या प्रतिमांमधल्या स्त्रिया होऊन उभ्या राहिल्या. स्टुडिओ आणि कॅमेरा यांनी आपल्याकडच्या स्त्रीला कसे मांडले, हा प्रश्न त्यांनी रचनेतूनच विचारला. टिपलेल्या चित्रातून तो तितक्या थेटपणे विचारता आला नसता.

तुमच्या आक्षेपातला एक भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. तलावाची सवय नसलेली माणसे आणून त्यांना नुसते शोभेसाठी उभे केले, तर चित्र पोकळ होते. पोहणाऱ्याच्या उभे राहण्यात एक सैलपणा असतो, खांद्यांत एक ठेवण असते, ती पाहणाऱ्याला लगेच ओळखू येते. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वेळी असे काम चालू दिसले, तर त्या मुलांशी जाऊन बोला. पन्नास वर्षे पोहलेला माणूस त्यांच्या चित्रात असणे त्यांच्यासाठी फार मोलाचे ठरेल.

प्रश्न : मुलीकडे मँचेस्टरला गेले असताना ‘व्हिक्टोरिया बाथ्स’ ही जुनी इमारत पाहिली. तिथे तलावात पाणी नव्हते, मात्र छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होती. सार्वजनिक स्नानगृहासाठी इतका थाट का केला असावा, आणि तिथे चित्र काढणाऱ्याने नेमके काय पाहावे? (एक वाचक, औंध)

उत्तर : इंग्लंडमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहे आणि धुण्याच्या जागा बांधण्याविषयीचा कायदा झाला. गिरणीकामगारांच्या दाट वस्त्यांत घरात नळ नव्हते, रोगराई होती, आणि अंघोळ व कपडे धुणे ही नगरपालिकेची जबाबदारी आहे असे मानले जाऊ लागले. पोहण्याचे तलाव त्या सोयीचाच भाग म्हणून आले. व्हिक्टोरिया बाथ्स १९०६ मध्ये सुरू झाले. रंगीत काचा, मोझेकची जमीन, चकचकीत हिरव्या फरश्या आणि तुर्की पद्धतीचे स्नानगृह असा तिथला थाट होता. १९९३ मध्ये ते बंद झाले. २००३ मध्ये बीबीसीच्या वारसावास्तूंच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी त्याला पहिली पसंती दिली आणि जतनाचे काम सुरू झाले.

चित्र काढणाऱ्याने काय पाहावे, याचे उत्तर त्या इमारतीच्या आराखड्यात आहे. तिथे तीन तलाव होते : पहिल्या वर्गातल्या पुरुषांचा, दुसऱ्या वर्गातल्या पुरुषांचा आणि स्त्रियांचा. ताजे पाणी आधी पहिल्या वर्गातल्या पुरुषांना मिळे, तेच पुढे दुसऱ्या वर्गाकडे जाई आणि शेवटी स्त्रियांच्या तलावात येई. फरश्यांचे सौंदर्य टिपणारी हजारो चित्रे तिथे निघत असतील. पाण्याचा हा प्रवास दाखवणारे चित्र मात्र रचूनच काढावे लागेल, आणि असे चित्र कोणी काढले तर ते पाहायला मला फार आवडेल.

पुण्याच्या वाचकाला यात परके काहीच वाटू नये. कोणाचे पाणी आधी, कोणाचे नंतर आणि कोणाला पाणीच नाही, हा प्रश्न आपल्या शहराने फार जवळून पाहिलेला आहे. कात्रजहून पेशवेकाळात आणलेल्या पाण्यावर पेठांतले हौद भरत होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाण्यापुढे लावण्यासाठी इथे एवढी किंमत मोजावी लागली आहे. तलावावर चित्र रचणाऱ्याने निळ्या पाण्याच्या मोहात हे विसरू नये, असे मला कळकळीने वाटते.

जुन्या तलावाचे पुढे काय करता येते, याचा एक चांगला दाखला फ्रान्समधल्या रुबे या कापडगिरण्यांच्या गावात आहे. तिथला १९३२ चा तलाव १९८५ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये त्याचेच संग्रहालय झाले. मधोमध पाण्याचा एक लांब पट्टा ठेवला आहे आणि दोन्ही काठांवर शिल्पे उभी आहेत.

प्रश्न : रिकाम्या तलावात चित्रे काढायची आहेत. व्यवस्थापनाला पैसे देऊन तलाव एक दिवस रिकामा करून मागता येईल का? (एक विद्यार्थी, डेक्कन)

उत्तर : मागू नये. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी असते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ ४७ टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायट्या असलेल्या शहरात एका चित्रासाठी एवढे पाणी सोडून द्यायला सांगणे मला योग्य वाटत नाही. दुसरे कारण बांधकामाचे आहे. भरलेल्या तलावातले पाणी आपल्या वजनाने तळ दाबून ठेवते. तलाव रिकामा झाला आणि आजूबाजूच्या जमिनीत पाणी वर आलेले असले, विशेषतः पावसाळ्यात, तर खालच्या दाबाने तळ उचलला जाऊन त्याला तडे जाऊ शकतात. जुन्या तलावांना हा धोका अधिक असतो.

साफसफाई किंवा दुरुस्तीसाठी तलाव अधूनमधून रिकामा करावाच लागतो. ती तारीख तलावावरच्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. त्यांच्याशी ओळख करून घ्या, तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी पहाटे, घासायला माणसे उतरण्याआधी, तासभर मागून घ्या. रबरी तळव्याचे बूट घाला. तळाला शेवाळ असते आणि उथळ बाजूकडून खोल बाजूकडे जाणाऱ्या उतारावर पाय हमखास सटकतो. ट्रायपॉडच्या टोकदार पायांना कापड बांधा, म्हणजे फरशीवर ओरखडा उठणार नाही. घासणाऱ्या माणसांना चित्रात यायचे आहे का, हेही विचारून पाहा. ते हो म्हणाले, तर खराटा हातात घेऊन त्या उतारावर उभे असलेले त्यांचे चित्र पहिले काढा.